साडेचारची धार

त्यांना सगळे घड्याळकाका म्हणत, आणि तोंडावर म्हणत. मागून म्हणायची गरजच नव्हती, कारण काकांना ते नाव मनापासून आवडायचं. पहाटे साडेचार आणि दुपारी साडेचार, अशी दोन वेळा त्यांच्या गोठ्यात धार निघायची. पस्तीस वर्षांत ती वेळ पाच मिनिटांनीही हलली नव्हती. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सव्वाचार वाजता हा माणूस पाहुण्यांमधून उठून गोठ्यात गेला होता. काकूंनी ते अजून माफ केलेलं नाही. विषय कुठलाही असो, भांडण रंगलं की काकू हळूच त्या दिवसावर यायच्या, आणि काका निमूटपणे बादली उचलून बाहेर पडायचे.

गायी सोळा होत्या. त्यांतली सगळ्यांत थोराड गाय म्हणजे मामी. चार वाजून वीस मिनिटं झाली की मामी कुरणाच्या फाटकाशी येऊन उभी राहायची आणि तिच्यामागे बाकीच्या पंधरा. आता दूध काढायला यंत्र आलं होतं, पण यंत्र लावायला माणूस लागतोच, आणि तो माणूस वेळेवर लागतो. "गाईला घड्याळ कळत नाही, कास कळते," असं काका कुणालाही सांगायचे. ऐकणाऱ्यानं विचारलेलं नसलं तरी सांगायचे.

गाव कालव्याच्या एका तीराला होतं आणि ही गायीवाली वस्ती दुसऱ्या तीराला. चौदा घरं, चौदा गोठे. मधे एक अरुंद पूल. रोज सकाळी दुधाचा टँकर त्या पुलावरून यायचा आणि चौदा घरांचं दूध घेऊन जायचा. पूल इतका अरुंद की समोरून सायकल आली तरी कुणीतरी एकानं मागं सरायचं. म्हणून टँकरवाला पुलावर चढताना एकदा आणि उतरताना एकदा भोंगा वाजवायचा, आणि त्यामुळे त्याचंही नाव भोंगा पडलं होतं. परत जाताना पहिला भोंगा वाजला की काकू चहा टाकायच्या. दुसरा वाजेपर्यंत चहाला उकळी यायची.

तर या पुलाचं एक पत्र आलं.

पत्र नगर परिषदेचं होतं आणि लिहिणाऱ्यानं शब्दांची काटकसर केलेली नव्हती, पण मतलब एवढाच होता की पूल कमजोर झाला आहे. तो दुरुस्त करायचा, की त्यावरून जड वाहनं कायमची बंद करायची, हे निवडणुकीनंतर नवी परिषद ठरवेल. सध्याच्या परिषदेचा कल मात्र बंद करण्याकडे आहे. त्या पाठोपाठ डेअरीचं पत्र आलं. ते दोनच ओळींचं होतं. टँकर येऊ शकला नाही तर त्या वस्तीचं दूध घेता येणार नाही.

काकांनी दोन्ही पत्रं तीन-तीनदा वाचली. टँकर नाही म्हणजे दूध नाही, आणि दूध नाही तर सोळा गायी कशाला? मग घड्याळ तरी कशाला? त्या दिवशी दुपारी त्यांनी धार वेळेवर काढली, पण काढताना मामीच्या पाठीवर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. त्यांना भीती वाटली होती. साठी ओलांडलेल्या माणसाला अशी भीती वाटते तेव्हा ती सांगायला कुणी सापडत नाही, म्हणून ते रागावले.

"सगळे मेले एकजात सारखे," ते रात्रीच्या जेवणाला म्हणाले. "तो फरशीवाला. तीन वेळा निवडून आला. एकदा तरी पूल ओलांडून आलाय का इकडे?"

फरशीवाला म्हणजे या भागाचा परिषदेतला सदस्य. गावात त्याचं फरश्यांचं मोठं दुकान होतं. पूल बंद करावा असं परिषदेत बोलला तो हाच.

"तुम्ही मत कुणाला दिलंत?" लेकीनं विचारलं. ही लेक दोन वर्षं शहरात एका दूध तपासायच्या प्रयोगशाळेत काम करून घरी परतली होती, आणि तपासायची सवय ती तिथे ठेवून आली नव्हती.

"त्यालाच. दुसरं नाव होतं कुठे यादीत?"

"ते एकच नाव यादीत टाकलं कुणी?"

"पक्षानं."

"पक्ष म्हणजे कोण, बाबा?"

काकांनी घास तोंडात धरून विचार केला. दर निवडणुकीला सकाळची धार झाली की रांगेत पहिला नंबर लावणारा हा माणूस. बाहेर येऊन दिवसभर बोटं मोडणाराही तोच. पण पक्ष म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर एक मोठी दगडी इमारत आली, जिच्यात ते कधी गेले नव्हते.

"असतात कुणीतरी," ते म्हणाले.

ते कुणीतरी कोण हे लेकीला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि तेही गाईच्या सडाला लावायचं मलम आणायला गेली म्हणून. गावातल्या औषधाच्या दुकानाच्या काचेला आतून एक कागद चिकटवलेला होता. खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीनं त्याचा अर्धा भाग झाकला होता. पक्षाच्या स्थानिक शाखेची बैठक, दुकानावरच्या खोलीत, येत्या एकवीस तारखेला, रविवारी, संध्याकाळी पाच वाजता. विषय, या भागाचा उमेदवार निवडणे. सर्व सभासदांनी हजर राहावे. औषधवाला हाच शाखेचा चिटणीस होता.

"किती जण येतात बैठकीला?" लेकीनं विचारलं.

"मागच्या खेपेला अकरा," औषधवाला मलमाची डबी पुडीत बांधत म्हणाला.

लेक घरी आली ती तडक कपाटाशी गेली. बटणं, दोऱ्याची रिळं आणि गायींच्या कानातले जुने बिल्ले ठेवायचा एक पत्र्याचा डबा होता. त्याच्या तळाशी तिला हवं ते सापडलं. पूल बांधला त्या वर्षी साऱ्या वस्तीनं खुशीत येऊन पक्षाचे अर्ज भरले होते. घरटी दोन कार्डं, या घरात एक काकांचं आणि एक लेकीचं. त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, आजीव सभासद. काकांच्या कार्डावरच्या फोटोत त्यांच्या डोक्यावर भरपूर केस होते.

"अकरा जण ठरवतात, बाबा," ती म्हणाली. "आणि आपण अठ्ठावीस जण घरात बसून त्यांना शिव्या देतो."

काका कार्डाकडे बघत राहिले. त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला. मग त्यांनी विचारलं, "किती वाजता म्हणालीस?"

"पाच."

"धारेत?"

---

दुसऱ्या दिवशी धार आटोपल्यावर वस्तीतली माणसं काकांच्या गोठ्यात जमली. कुणी गव्हाणीच्या कडेवर बसलं, कुणी उपड्या बादलीवर. शेजारचा लंबू नेहमीप्रमाणे दारातच उभा राहिला, कारण आतल्या तुळईला त्याचं डोकं लागायचं. त्याची बायको त्याच्या कमरेपर्यंत यायची आणि बोलण्यात त्याच्या डोक्यावरून जायची.

पाच वाजता बैठक, हे ऐकल्याबरोबर सगळ्यांच्या भुवया चढल्या.

"मुद्दाम ठेवलीय," लंबू म्हणाला. "आपण येऊच नये म्हणून."

"दुसरं काय!"

"आपल्याला एवढंही कळत नाही असं वाटतं त्यांना."

सगळ्यांचं एकमत झालं. या वस्तीत एकमत व्हायचा प्रसंग क्वचितच यायचा, त्यामुळे ते लबाड गावकऱ्यांबद्दल बराच वेळ तल्लीन होऊन बोलत राहिले. वेळ बदलून मिळेल का, असं त्या औषधवाल्याला जाऊन विचारावं, हे काही त्या अठ्ठावीस डोक्यांपैकी एकातही आलं नाही. लेकीच्या डोक्यातही नाही, हे तिनं नंतर स्वतःच कबूल केलं.

घरटी एकानं जावं, एकानं धार काढावी, असं कुणीतरी सुचवलं. लेक म्हणाली की मग आपण चौदाच होऊ. आपण येतोय हे कळलं की फरशीवाला त्याची वीस माणसं सहज गोळा करील. सगळ्यांनीच जायला हवं. पण मग दोनशे गायींचं काय?

तेव्हा घड्याळकाका उठले.

"धार हलवू," ते म्हणाले.

 लंबू हे ऐकायला आत आला आणि त्याचं डोकं तुळईला लागलं.

"एकदम हलवली तर गाय पान्हा चोरते," काका म्हणाले. "कास दुखते, दूध आटतं. पण रोज दहा मिनिटं पुढं नेली तर तिला कळतही नाही. साडेचारची सातला न्यायची म्हणजे पंधरा दिवस. बैठकीला आहेत अठरा. सकाळची धारही तशीच पुढं न्यायची. एकवीस तारखेला पाचला बैठक, साडेसहाला घरी, सातला धार."

 पस्तीस वर्षं जपलेली वस्तू माणूस स्वतःच्या हातानं दुसऱ्याला देतो, तसे ते हे बोलले. काकूंनी दाराआडून ऐकलं आणि सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा केला. हे त्यांच्याकडून फार होतं.

"आणि फरशीवाल्याच्या ऐवजी कोण?" लंबूच्या बायकोनं विचारलं.

"आधी गायी हलू देत," काका म्हणाले. "नावाचं मग बघू."

हे सगळ्यांना इतकं शहाणपणाचं वाटलं की पुढं त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

---

पहिल्या दिवशी चार वीसला मामी फाटकाशी येऊन उभी राहिली. चार तीसला तिनं काकांच्या दाराकडे पाहिलं. काका वैरणीच्या गंजीमागे उभे होते. आपण दिसलो तर ती हंबरेल आणि आपल्याला राहवणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या गाईपासून तोंड लपवून दहा मिनिटं उभं राहायची वेळ त्यांच्यावर आली होती. चार चाळीसला ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत गवताची काडी होती आणि चेहरा चोरी करून आल्यासारखा झाला होता.

रोज दहा मिनिटं. चौदाही गोठ्यांत. सकाळच्या धारेला आता उजेड असायचा, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा काका आणि काकू सूर्य उगवताना जागेपणी निवांत बसले. "असंही असतं होय जगात," काकू म्हणाल्या. भोंग्याला लेकीनं सगळं समजावून सांगितलं होतं. तोही रोज दहा मिनिटं उशिरा येऊ लागला. डेअरीत त्यानं काय सांगितलं कोण जाणे, पण पूल बंद झाला असता तर त्याचीही फेरी बंद होणार होती, तेव्हा त्यानं काहीतरी पटण्यासारखंच सांगितलं असणार.

मामी शहाणी निघाली. अकराव्या दिवशी ती आपणहून सव्वासहाला फाटकाशी आली. अठरा तारखेला सगळ्या गायी सातच्या वेळेवर होत्या. काका फाटक उघडताना मोठ्यानं म्हणाले, "बघ, जमलं की नाही!" आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं. लेक दारात उभी राहून हसत होती.

एकोणीस तारखेला, शुक्रवारी, तीच लेक गावातून आली ती हसत नव्हती. तिच्या हातात एक छापील कागद होता. औषधवाल्यानं तो सर्व सभासदांना वाटला होता. दूध उत्पादक सभासद मोठ्या संख्येनं येणार असल्याचं समजल्यामुळे, त्यांच्या धारेची वेळ लक्षात घेऊन, रविवारची बैठक पाचऐवजी सात वाजता घेण्यात येईल.

काका मटकन गव्हाणीच्या कडेवर बसले.

"डाव आहे," बायकोबरोबर कागद बघायला आलेला लंबू म्हणाला.

"डाव नाही," लेक म्हणाली. "मी विचारलं त्यांना. भोंगा बोलता बोलता म्हणाला की वस्तीतले सगळे येणारेत. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच वेळ बदलली. म्हणाले, अहो, हे मला आधी कुणी सांगितलंच नाही. दहा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर दहा वर्षांपूर्वीच बदलली असती."

"मग पुन्हा पाचला घ्या म्हणावं!" लंबू म्हणाला.

"म्हटलं. आता नाही बदलता येत. दोन दिवस आधी सगळ्यांना कळवावं लागतं, आणि आजचा कागद गेलाय."

 लंबूची बायको हसायला लागली. आधी हळू, मग पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. काकांना त्या हसण्याचा संताप आला. तो संताप ओसरला तेव्हा त्यांना कळलं की तिचं हसणं बरोबर आहे. पंधरा दिवस दोनशे गायींना हलवणं आपल्याला सोपं वाटलं, आणि दुकानात जाऊन एक प्रश्न विचारणं सुचलं नाही. दुकानात जाणारी माणसं आणि आपण, यांच्यामधे आपण मनात एक कालवा खणून ठेवलाय, आणि त्याच्यावर पूलसुद्धा नाही.

"पाचलाच धार काढायची रविवारी," ते म्हणाले. "दोन तास आधी. दूध कमी पडेल एक दिवस. पडू दे."

"तुम्ही काढणार, काका? भलत्या वेळेला?" लंबूनं विचारलं.

"मीच सगळ्यांत आधी काढणार."

---

रविवारी पाच वाजता मामीनं काकांकडे जी नजर टाकली, ती त्यांनी पुढं कुणाला वर्णन करून सांगितली नाही. पान्हा धड आलाच नाही. दूध जेमतेम अर्धं निघालं. काकांनी तिची कास कोमट पाण्यानं पुसली, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटून हातपाय धुतले आणि कपाटातला इस्तरीचा सदरा घातला. त्याच्या खिशात ते कार्ड ठेवलं.

औषधाच्या दुकानावरच्या खोलीचा जिना अरुंद होता आणि त्याला औषधांचा वास होता. वस्तीतली सव्वीस माणसं एकामागून एक वर चढली तेव्हा त्या वासात गोठ्याचाही वास मिसळला. दोघं जण आले नव्हते. त्यांची गाय विणार होती, आणि त्याला कुणाचीच हरकत नव्हती. काकांच्या डोक्यात एक दगडी इमारत होती. प्रत्यक्षात ही खोली त्यांच्या गोठ्याच्या निम्मीही नव्हती. एक टेबल, चोवीस खुर्च्या, कोपऱ्यात औषधांच्या रिकाम्या खोक्यांची चवड, भिंतीवर एक बंद पडलेलं घड्याळ. काकांनी आत येताच ते पाहिलं आणि त्यांना अस्वस्थ वाटलं.

गावातली बावीस माणसं, औषधवाला धरून, आधीच बसली होती. ती चटकन उठून खुर्च्या देऊ लागली, वस्तीतली माणसं नको नको म्हणू लागली, आणि दोन-तीन मिनिटं सगळेच उभे राहिले. औषधवाला खालून स्टुलं घेऊन आला. त्याचा चेहरा फुलला होता.

फरशीवाल्याचं नाव आलं. त्याला अनुमोदन मिळालं. मग लंबू उभा राहिला आणि पुलाबद्दल बोलला. लांबलचक बोलला, अधूनमधून अडखळला, पण टँकरचं सगळं नीट सांगितलं.

फरशीवाला ऐकत होता. तो जाडसर, साधा दिसणारा माणूस होता. त्याच्या बोटांना कडक चुन्यानं पडलेल्या भेगा होत्या. "टँकर जातो त्या पुलावरून?" त्यानं विचारलं. "मला वाटलं, तुमच्याकडे लहान गाड्या येत असतील. तिकडे चार घरं आहेत असंच सांगत होते सगळे."

"चौदा आहेत. तुम्ही कधी आलाच नाहीत," लंबू म्हणाला.

"नाही आलो," फरशीवाला म्हणाला. "पण तुम्हीही कधी आला नाहीत."

हे तो चिडून बोलला नाही.

"दुसरं काही नाव?" औषधवाल्यानं विचारलं. पेन उघडून तो वस्तीतल्या माणसांकडे पाहू लागला.

 लंबूनं काकांकडे पाहिलं, लंबूच्या बायकोनं लेकीकडे, लेकीनं काकांकडे. काकांनी खिडकीकडे पाहिलं. आणि मग हळूहळू सगळ्यांच्याच ध्यानात आलं. गायी हलवल्या, टँकर हलवला, कार्डं शोधली, इस्तरीचे सदरे घातले. नावाचं मग बघू म्हटलं होतं, आणि ते मग आलंच नाही. प्रत्येकाला वाटलं होतं की दुसऱ्या कुणीतरी ते बघितलं असेल. सव्वीस माणसं मूग गिळून स्टुलांवर बसून राहिली.

"नाव नसलं तर मग..." औषधवाला कळवळून म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटत होतं.

"माझंही असंच झालं होतं," फरशीवाला मधेच म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "खरं सांगतो. मी डोकेदुखीची गोळी घ्यायला आलो होतो. खाली दुकानात कुणी नव्हतं, म्हणून वर आलो. इथे दहा जण बसले होते आणि कुणीच तयार होत नव्हतं. हे औषधवाले म्हणाले, तुम्ही राहता का उभे? मी म्हटलं, राहतो. झालं. मी काही मोठा माणूस नाही हो. मी फक्त खोलीत होतो."

गावातली माणसं हसली, वस्तीतलीही हसली. काका हसले नाहीत. ते उभे राहिले. पुढं होऊन त्यांनी टेबलाची कड धरली.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "परिषद कधी बसते?"

"दर मंगळवारी."

"किती वाजता?"

औषधवाल्यानं चष्मा सारखा केला. "दुपारी साडेचार."

खोलीत हास्याचा स्फोट झाला, आणि या खेपेला तो फक्त वस्तीतल्या माणसांचा होता. काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"ती वेळ बदलता येते का?" त्यांनी विचारलं. आता ते विचारायला शिकले होते.

"नाही हो. ती वरच्या कचेरीनं ठरवलेली. मी विचारून पाहिलंय. खरंच नाही बदलत."

 काकांना चार माणसांत बोलता येत नव्हतं. पत्र लिहिताही येत नव्हतं, आणि साडेचार वाजता गोठ्याबाहेर कुठेही कसं असायचं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पण पूल कुठे दबतो हे त्यांना माहीत होतं. तिसऱ्या खांबापाशी, गावाच्या बाजूनं. तिथे टँकरचं मागचं चाक आलं की पाण्यात बारीक खडे पडतात, आणि ते रोज उभे राहून ऐकायचे.

"लिहा माझं नाव," ते म्हणाले.

"बाबा," लेक हळूच म्हणाली. 

हात वर झाले. औषधवाल्यानं स्वतः हात वर केला नाही, तो मोजत होता. सव्वीस आणि एकवीस. फरशीवाल्यानं स्वतःच्याच नावाला हात वर केला होता, आणि तो खाली घेताना त्यानं काकांशी हात मिळवला. त्याच्या भेगाळलेल्या हाताला काकांचा भेगाळलेला हात लागला.

---

परत येताना पुलावर सगळे आपोआप एका रांगेत झाले. निवडणूक अजून व्हायची होती, पुलाचा निर्णय त्याहून लांब होता, आणि परिषदेत काकांचं मत एकच असणार होतं. हे सगळं लेकीनं चालता चालता सांगितलं, आणि सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या.

"उद्यापासून दहा-दहा मिनिटं मागं ना?" लंबूनं विचारलं.

"तुम्ही घ्या मागं," काका म्हणाले. "माझ्या गायी सातलाच राहतील. मंगळवारी साडेचारला मला जावं लागणार, आणि गाईला मंगळवार कळत नाही. रोजच सात."

 लंबू फक्त हं म्हणाला.

घरी आल्यावर काकूंनी त्यांना आपादमस्तक पाहिलं. त्या कधी नव्हे ते घराबाहेर पायरीवर बसून होत्या. शेजारच्या गाईच्या विण्याला मदत करून नुकत्याच परतल्या होत्या. लेकीनं घडलेलं सांगितलं.

"लग्नाच्या दिवशी नाही हलवली यांनी धार," काकू म्हणाल्या, "आणि परिषदेसाठी हलवली." पण त्यांनी पाणी आणून दिलं, आणि शेजारी बसल्या.

सकाळी सातला मामी फाटकाशी होती. कालचं विसरली होती की राग गिळून आली होती, ते तिचं तिलाच ठाऊक. दूध भरपूर निघालं. दहा वाजता पुलावर भोंगा वाजला.

बाकीची घरं करून टँकर शेवटी काकांच्या दाराशी उभा राहिला. भोंगा खाली उतरला आणि नळी जोडता जोडता काकांकडे बघून दात काढू लागला.

"आजपासून तुझी दोन-दोन वेळापत्रकं," काका ओशाळून म्हणाले. "बाकीचे मागं जातील, मी एकटाच सातला. तुला त्रास होणार. डेअरीला सांगून बघ."

"कुठली दोन?" भोंगा म्हणाला. "मी तेरा घरं करून आलोय. कुणीच मागं गेलं नाही. सगळे सातला."

"लंबूसुद्धा?"

"लंबूनंच तर सगळ्यांना सांगितलंय." भोंग्यानं नळीचा आकडा घट्ट केला. "म्हणतो, काकांना पाठवलं ते ठीक आहे. पण ते तिथे काय करतात ते बघायला मागच्या बाकावर कुणी नको का? दर मंगळवारी दोघं-दोघं आळीपाळीनं येणार आहेत. तुमचा डोळा लागला तर मागून खोकायचं, असंही ठरलंय."

 काकांनी उगाचच मामीला दटावलं.

"त्यांना सांग," ते म्हणाले, "साडेचारला माझा डोळा लागत नाही. पस्तीस वर्षं जागाच आहे मी त्या वेळेला."

भोंगा हसत वर चढला. टँकर वळला, पुलावर चढताना भोंगा वाजला आणि काकूंनी चहा टाकला. काका नेहमीच्या जागी उभे राहून कान देऊन ऐकत राहिले. तिसऱ्या खांबापाशी पाण्यात खडे पडले. मग पलीकडून दुसरा भोंगा वाजला, आणि काका चहाला आत गेले.